सिंहगडावरून कोसळलेला शिकारी आणि आमच्या घरातला शिवकाल

१९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेलेला एक तेवीस वर्षांचा तरुण उंच कड्यावरून खाली कोसळला. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर लुळे पडले. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी करणारा आणि सवड मिळाली की बंदूक खांद्यावर टाकून रानावनात हिंडणारा हा मुंबईकर. त्या दिवसापर्यंत त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्याचे पूर्ण नाव. स्वतःच्या नावातला नाथ आणि वडिलांच्या नावातला माधव एकत्र करून त्याने पुढे जे टोपणनाव घेतले, ते मात्र मराठी वाचकांच्या तीन पिढ्यांना तोंडपाठ होते. नाथमाधव!

गेली कित्येक वर्षे मी या माणसाचा विचार करतो आहे. परभणी जिल्ह्यातल्या शाळांत तीसेक वर्षे इतिहास शिकवला. सनावळ्यांच्या तासाला पेंगणारी मुले एखादी वेषांतराची किंवा भुयाराची गोष्ट निघाली की ताठ होऊन बसतात, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. पण त्या गोष्टीचे पुढे काय करायचे, हे बी.एड.ला कुणी शिकवत नाही. गोष्ट सांगितली तर इतिहास बिघडतो, न सांगितली तर इतिहास कुणी ऐकतच नाही. नाथमाधवांनी या पेचात उडी मारली होती, तीही पाय गमावल्यानंतर.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ चा, मुंबईतला. तो काळ लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ साली आली. गंमत अशी, की ज्या गडावर ती रचली तो गड कुठल्याच नकाशावर नाही! ऐतिहासिक कादंबरीचा आरंभच काल्पनिक किल्ल्याने झाला. मग हरिभाऊ आपटे आले. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून घराघरांत कादंबरी पोचवली. 'उषःकाल' आली, १९०३ मध्ये 'गड आला पण सिंह गेला' आली. तिकडे १८९६ पासून रायगडावर शिवोत्सव भरू लागला होता. १८९८ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला, १९०२ मध्ये सरदेसाईंच्या मराठी रियासतीचा. म्हणजे एका बाजूला दप्तरे उलगडली जात होती, दुसऱ्या बाजूला कल्पनेचे घोडे दौडत होते आणि दोन्हीकडे गर्दी होती. सिंहगड तेव्हाच्या तरुणाला नुसता डोंगर वाटत नसणार. हरिभाऊंची कादंबरी प्रसिद्ध होऊन दोन वर्षे झाली होती, तेव्हा पितळ्यांचा हा मुलगा त्या गडावर गेला.

अपघातानंतरचा काळ अंथरुणावर गेला. वाचन हाच काय तो उद्योग उरला आणि वाचता वाचता लेखणी हाती आली. १९०८ मध्ये 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी, १९०९ मध्ये नावातच समुद्राची गाज असलेली 'सावळ्या तांडेल', १९१३ मध्ये 'वीरधवल'. पुढे सामाजिक कादंबऱ्याही आल्या. १९१८ ते १९२० या काळात 'डॉक्टर' तीन भागांत निघाली. 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी' तर पुष्कळांना अजून आठवते. पण पोरासोरांनी ज्यांच्यावर झडप घातली त्या दोन गोष्टी. एक 'वीरधवल', दुसरी स्वराज्याची मालिका.

'वीरधवल'ला इतिहास म्हणता येणार नाही. ती अद्भुत आणि रम्य यांची मिसळ आहे. आज वाचायला घेतली तर तिची भाषा जड वाटेल, योगायोगांची दाटी खटकेल. तरीही एका पिढीला जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचायची सवय या कादंबरीने लावली, असे माझे मत आहे. ज्याने 'वीरधवल' संपवली तो मग 'स्वराज्याचा श्रीगणेशा' हातात घ्यायला कचरत नसे. १९२१ मध्ये आलेल्या या पुस्तकाने शिवकालाची मालिका सुरू झाली. 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट', 'स्वराज्याचे परिवर्तन', 'स्वराज्यातील दुफळी'. नुसती नावे ओळीने म्हटली तरी राज्य कसे उभे राहते आणि कशाने हादरते याचा आराखडा मुलाच्या डोक्यात बसतो. पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेला हे सहसा जमत नाही.

आता आमच्या मुलखाची गोष्ट.

परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची काळी, सपाट जमीन. जिंतूरकडे थोडे डोंगर दिसतात, एवढेच. सह्याद्रीचा कडा म्हणजे काय, हे आमच्या मुलांना सांगून समजत नाही. आमच्याकडे किल्ला म्हणजे गावातली पांढऱ्या मातीची ढासळलेली गढी. त्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा प्रदेश निजामाच्या राज्यात. शाळेची भाषा उर्दू. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, जिंतूरला उर्दूतून शिकले. फारसीचे शब्द त्यांना अखेरपर्यंत सहज येत आणि हिशेबाची वहीसुद्धा ते अधूनमधून उर्दू आकड्यांत लिहीत. शाळेत त्यांना आसफजाही घराण्याची वंशावळ पाठ करावी लागली. शिवाजी महाराज त्यांना भेटले ते नाथमाधवांच्या एका पुस्तकात. पुस्तकाची पुढची आणि मागची पाने गेलेली होती, त्यामुळे लेखकाचे नाव त्यांना पुष्कळ वर्षे ठाऊकच नव्हते.

हे पुस्तक खेड्यात पोचले कसे, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेडवरून हैदराबादला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुण्याचा छापील माल इकडे येऊ लागला. मनमाडला गाडी बदलून येणाऱ्या ट्रंकांत कापड असे, औषधे असत आणि कुणा हौशी माणसाची दोन-चार पुस्तके असत. परभणीचे गणेश वाचनालय त्या काळापासून चालत आले आहे, शंभरी त्याने केव्हाच ओलांडली. निजामी राज्यात वाचनालयाला जे मोल होते ते आजच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. १९२९ मध्ये गश्ती निशाण त्रेपन्न निघाली आणि साधी सभा घ्यायलाही सरकारची परवानगी लागू लागली. खासगी शाळा आणि आखाड्यांवरही बंधने होती. चार माणसांनी एकत्र बसायची निर्वेध जागा म्हणजे देऊळ, नाही तर वाचनालय. तिथे एकजण वाची आणि दहाजण ऐकत. भाषण केले तर पोलीस येत. कादंबरी वाचली तर कोण येणार? मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यात वाचनालयांनी काय काम केले ते पुष्कळांनी लिहिले आहे. त्या कपाटांत नाथमाधव, हरिभाऊ आणि पुढे 'कादंबरीमय पेशवाई' लिहिणारे वि. वा. हडप ही मंडळी होती, हे मात्र आपण विसरतो.

बाहेरच्या जगातही हेच चालले होते. स्कॉटने १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' लिहून ऐतिहासिक कादंबरीचा पायंडा पाडला. फ्रान्समध्ये ड्युमाने तलवारबाजांना अमर केले. इंग्लंडात हेन्टी नावाच्या लेखकाने मुलांसाठी ऐतिहासिक साहसकथांचा कारखानाच काढला होता. 'विथ क्लाइव्ह इन इंडिया' त्याचीच. मराठ्यांशी झालेल्या युद्धावरही त्याने एक कादंबरी लिहिली आणि तिचा नायक अर्थातच इंग्रज मुलगा! साम्राज्याच्या मुलांना साम्राज्य आपले वाटावे, अशी ती सोय होती. नाथमाधवांनी साचा तोच घेतला: शूर तरुण, वेषांतर, भुयार, कैद, सुटका, प्रकरणाच्या शेवटी लटकत ठेवलेला जीव. पण घोड्यावर बसवला तो आपल्या मातीतला माणूस. ज्या मुलांच्या शाळेत त्यांच्या आजोबा-पणजोबांचा उल्लेख नव्हता, त्यांना यातून काय मिळाले असेल, हे अण्णांच्या डोळ्यांत मी पाहिले आहे. सत्तरी उलटल्यावरही शिवकालातले गड ते असे सांगत, जसे आपण शेजारच्या गल्लीतली घरे सांगतो. तोरण्यावरून राजगड कुठल्या दिशेला, हे त्यांना पुस्तकातून पाठ होते. आयुष्यात तोवर त्यांनी दोन्ही पाहिले नव्हते.

कडा चढणारी माणसे नाथमाधवांनी कशी लिहिली असतील, या प्रश्नाला माझ्यापुरते एक उत्तर आहे. ज्याचे शरीर कड्यावरून फेकले गेले, त्याला उंची म्हणजे काय हे कळते. आपण चालताना पायांकडे लक्ष देत नाही. चालणे गेले की प्रत्येक पाऊल आठवते. हा माझा तर्क झाला, पुरावा नव्हे. पण आमच्यासारख्या सपाट मुलखातल्या वाचकाला सह्याद्री पायाखाली जाणवला तो अशा माणसाच्या लेखणीतून, ज्याला स्वतःला तो पुन्हा पायांनी चढणे शक्य नव्हते. यापेक्षा विलक्षण गोष्ट त्यांच्या कुठल्याही कादंबरीत मला सापडलेली नाही.

येथवर सगळे गोड झाले. आता कडू भाग.

साहसकथा मुलांच्या मनात इतकी खोल जाते, की पुढे कागदपत्रे आली तरी ती हटत नाही. सिंहगडाचेच पाहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी गड घेतला आणि ते धारातीर्थी पडले, हे पक्के. पण घोरपड? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली. तीत मावळे वानरांसारखे कडा चढले असे आहे, घोरपडीचे नाव नाही. यशवंती घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. गडाला सिंहगड हे नाव तानाजींच्या बलिदानानंतर पडले, असे आपण छातीठोकपणे सांगतो. प्रत्यक्षात महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आहे. उदेभानाच्या कैदेतली कमलकुमारी ही हरिभाऊंच्या कादंबरीतली नायिका, पण तिला खरी मानणारे पदवीधर मला भेटले आहेत. नाथमाधवांची पात्रेही अशीच घराघरांत खरी होऊन बसली. दोष एकट्या लेखकाचा नाही. त्यांनी मुखपृष्ठावर कादंबरी असेच छापले होते. पण दहा वर्षांच्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ कोण समजावून सांगतो?

दुसरा कडू भाग याहून अवघड आहे. त्या काळच्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्यांत शत्रू एकाच रंगाने रंगवलेला असतो. साहसकथेला खलनायक लागतो आणि तो सोपा लागतो. परभणीच्या वर्गात मात्र पहिल्या बाकावर देशमुखांचा मुलगा आणि त्याच्या शेजारी पठाणांचा मुलगा बसलेला असतो. दोघे मिळून फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसात पाळण्यात बसून आलेले असतात. अशा वर्गात गोष्ट सांगताना मी पायदळाचे सरनोबत नूरखान बेग यांना आणत असे, आरमाराचे दौलतखान आणत असे, महाराजांच्या चिटणिशीतले काझी हैदर आणत असे. ही माणसे खरी होती आणि त्यांच्या हकिकतीत साहस काही कमी नाही. दौलतखानाच्या गलबतावर एखादा पोऱ्या चढवून कुणी कादंबरी का लिहिली नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

या प्रश्नावर मराठीत सर्वांत सखोल विचार कुणी केला असेल, तर तो आमच्याच जुन्या जिल्ह्यातल्या माणसाने. नरहर कुरुंदकर कुरुंद्याचे. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. १९६८ मध्ये आलेल्या रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला कुरुंदकरांनी पत्राच्या रूपात लिहिलेली प्रस्तावना जोडलेली आहे. चमत्कार आणि योगायोग बाजूला ठेवून, भोवतालच्या परिस्थितीशी झुंजणारा राजा समजून घ्यायचा, ही त्यांची दिशा. नाथमाधवांच्या शिवकालापासून कुरुंदकरांच्या प्रस्तावनेपर्यंतचे अंतर जवळजवळ अर्ध्या शतकाचे आहे आणि वाचक म्हणून आमच्या घराने ते पूर्ण चालले. अण्णा नाथमाधवांवर वाढले, मी कुरुंदकर वाचून शिक्षक झालो. आमची भांडणेही यावरच होत. अण्णांचे म्हणणे असे, की आधी पोराला गडावर तर चढू द्या, कागद नंतर दाखवा. मला ते तेव्हा पटत नसे. पुढे वर्गात उभा राहिल्यावर पटू लागले.

म्हणून मी एक पद्धत काढली. फळ्याचे दोन भाग करायचे. एकावर लिहायचे 'घडले', दुसऱ्यावर 'रचले'. मग कादंबरीतला एक प्रसंग रंगवून सांगायचा, अगदी आवाज चढवून-उतरवून, आणि सांगून झाल्यावर मुलांनीच ठरवायचे की कुठली गोष्ट कुठल्या बाजूला. कधी कधी मी मुद्दाम उलटे करी. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा घेतला, ही हकिकत सांगितली की मुले एकमुखाने 'रचले' म्हणत. मग त्यांना सांगायचे, की जयराम पिंड्ये नावाच्या कवीने त्याच काळात या स्वारीवर संस्कृतात एक अख्खे काव्य लिहून ठेवले आहे. मुलांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे होत. कल्पनेपेक्षा खरे धाडसी असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. चौथीला सगळ्यांच्या हाती शिवछत्रपतींचे पुस्तक पडते, पण परीक्षा झाली की ते रद्दीत जाते. या फळ्यावरच्या याद्या मात्र काही मुलांनी वहीत जपल्या. एका मुलीने तर यशवंतीला 'रचले' खाली टाकले आणि मग विचारले, की ती गोष्ट उद्या परत सांगाल का?

नाथमाधव २१ जून १९२८ रोजी गेले, सेहेचाळिसाव्या वर्षी. लेखनाची वीस वर्षे त्यांना मिळाली. त्या वीस वर्षांत त्यांनी जेवढे लिहिले तेवढे धडधाकट माणसालाही सहसा होत नाही. त्यांच्यानंतर मराठी ऐतिहासिक कादंबरी पुष्कळ पुढे गेली. भाषा नितळ झाली, अभ्यास वाढला, गो. नी. दांडेकरांसारखा पायी गड तुडवणारा कादंबरीकार आला. वाङ्मयाच्या इतिहासात नाथमाधवांच्या वाट्याला चार-दोन परिच्छेद येतात आणि समीक्षकांनी त्यांना रंजनप्रधान म्हणून बाजूला बसवले, त्यात फार अन्यायही नाही. वाचनालयांच्या नोंदवह्यांत मात्र त्यांचे दिवस वेगळे दिसले असते.

अण्णा सिंहगडावर गेले ते साठीनंतर, माझ्याबरोबर. परभणीहून रेल्वेने पुणे, तिथून बसने आतकरवाडी. मोटारीच्या रस्त्याने वर जायचे त्यांनी नाकारले. चार ठिकाणी बसत, धापा टाकत पायवाटेने चढले. पुणे दरवाजातून आत गेल्यावर मला काही दाखवावे लागले नाही. देवटाके कुठे, कल्याण दरवाजा कुठे, सगळे तेच सांगत पुढे गेले. तानाजींच्या समाधीला नमस्कार केला. मग मडक्यातले दही विकणाऱ्या एका बाईंजवळ टेकले आणि त्यांना विचारू लागले, की फार वर्षांपूर्वी एक शिकारी या गडावरून पडला होता, तो नेमका कुठल्या बाजूने? बाईंना तानाजीचा कडा माहीत होता, घोरपड माहीत होती, शिकारी माहीत नव्हता. अण्णांनी दह्याचे पैसे दिले, टोपी काढून घाम पुसला आणि तिथेच बसून त्या बाईंना नाथमाधवांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. शेवटची बस चुकेल म्हणून मी दोनदा घड्याळ दाखवले, पण ते स्थापनेपर्यंत आले होते आणि कारभार अजून बाकी होता.